खुर्चीकडे तोंड करून

“अध्यक्ष, या सिनेमातली माणसं जेवतात फार, पण भांडी घासताना कुणीच दिसत नाही,” सदलगेअण्णा पहिल्या रांगेतून उभे राहून मला म्हणाले. “नवरा-बायको जेवता जेवता भांडतात. ती बॅग भरून जाते, हा गच्चीवर सिगरेट ओढत बसतो. आणि शेवटी काय, तर हा गडी धावत स्टेशनवर जातो आणि भरल्या फलाटावर ‘माझं चुकलं’ म्हणून ओरडतो. याला प्रेम म्हणायचं? हा तमाशा झाला. चूक घरातली, तर माफीही घरात मागावी. धन्यवाद.”

ते खाली बसले. हॉलमध्ये खुसखुस झाली आणि लगेच सगळे गप्प झाले. मग शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवरून रत्नप्रभा उपाध्ये उठल्या. पदर सावरला आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, “अध्यक्ष, चूक घरात झाली असती तर माफी घरात चालली असती. पण त्यानं बायकोला वेडी ठरवलं ते तिच्या भावाच्या लग्नाच्या जेवणात, भरल्या टेबलासमोर. आधीच्या वक्त्यांना तेवढ्यात डुलकी लागली असावी. अपमान चार लोकांत केला तर माफीही चार लोकांतच मागावी लागते. या फ्रेंच लोकांचं मला दुसरं काही पटत नाही, पण एवढं पटतं. धन्यवाद.”

सदलगेअण्णांनी मागं वळून बघितलं नाही. नियमच तसा होता, आणि तो मीच केलेला होता.

मी तेव्हा बदली होऊन सांगलीत नवी आले होते. भूगोल शिकवायचा आणि घरी येऊन वह्या तपासायच्या, दुसरं होतं काय? वाचनालयाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी सिनेमे दाखवणारं एक मंडळ होतं. तिथं दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले तर मला अध्यक्ष करून टाकलं. का, ते नंतर कळलं. आधीचे अध्यक्ष एका सिनेमावरच्या चर्चेत चप्पल लागून जायबंदी झाले होते. सांगलीकरांना मत असतं, आणि दुसऱ्याचंही मत असू शकतं हे त्यांना मान्य नसतं. म्हणून मी शाळेतला दंडक आणला. बोलायचं ते उभं राहून, खुर्चीकडे तोंड करून, म्हणजे माझ्याकडे. मागं वळायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही, एकाचं बोलणं संपल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. माझ्यापुढं टेबलावर पितळी घंटा. नियम मोडला की ठण्ण!

त्या वर्षी पुण्याच्या एका मंडळानं आम्हाला अलीकडच्या फ्रेंच प्रेमविनोदी सिनेमांच्या तबकड्या पाठवल्या. ऐन चाळिशीतली माणसं, नोकरी काय करतात ते कळत नाही, भरदुपारी कॉफी पीत बसतात, पाव काखेत मारून हिंडतात आणि बोलतात, बोलतात, बोलतात. मला वाटलं, महिन्याभरात हॉल रिकामा होईल. झालं उलटंच. गर्दी वाढत गेली. हळदपेठेतले व्यापारी यायला लागले, त्यांच्या बायका यायला लागल्या. सिनेमा चालू असताना निम्मे पेंगायचे आणि चर्चा सुरू झाली की ताठ बसायचे. मी आपली खूश! घरी फोन करून बहिणीला सांगितलंसुद्धा, “अगं, इथल्या लोकांना फ्रेंच सिनेमाची काय जाण आहे म्हणून सांगू!”

माझी ती हवा अप्पा चौगुल्यांनी काढली. अप्पा म्हणजे आमचे प्रोजेक्टर लावणारे, हॉलच्या मागच्या भिंतीशी त्यांचं टेबल. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. एका रविवारी खुर्च्या रचता रचता मी त्यांना म्हटलं, “अप्पा, सदलगेअण्णा आणि उपाध्येबाई काय सुंदर बोलतात हो! दोघांची ओळख करून द्यायला हवी.”

अप्पांच्या हातातली खुर्ची तशीच राहिली. “बाई, खरंच तुम्हाला ठाऊक नाही? अहो, नवरा-बायको हाईत ती.”

“काय सांगता!”

“तर वो! बारा वर्षं झाली, ती भावाकडं राहती. माहेरचं नाव लावती. सगळ्या गावाला ठाऊक हाय. लोक कशाला येत्यात असं वाटतं तुम्हाला? त्या फ्रेंच बायकांना बघायला?”

मी एक खुर्ची ओढून बसले. अप्पा शेजारी टेकले आणि नेहमीपेक्षा हळू आवाजात सगळं बोलले. नेमिनाथ सदलगे हळदीचे मोठे अडते, व्यापारी संघाचे पुढारी. मुलीच्या लग्नात जेवणं उरकल्यावर कुणीतरी रत्नप्रभाबाईंच्या हातात माईक दिला. त्या बी.ए. झालेल्या, वाचणाऱ्या. विहीणबाईंसाठी चार शब्द बोलणार होत्या. पहिलं वाक्य तोंडातून निघतंय तोच सदलगेंनी माईक काढून घेतला आणि भर मांडवात म्हणाले, “हिला काय कळतंय! बस खाली.” मांडव हसला. मुलगी सासरी गेली आणि दुसऱ्या दिवशी बाई एक पिशवी घेऊन माहेरी गेल्या.

“तेवढ्यावरून?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“आम्हीपण असंच म्हटलं, तेवढ्यावरनं?” अप्पांनी कपाळावरचा घाम पुसला. “सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो होतो, बाई. अजून आठवतंय मला.”

पुढं बाई इथं येऊन बोलायला लागल्या. त्या छान बोलतात असं सदलगेंच्या कानावर गेलं. मग तेही यायला लागले आणि पहिल्या रांगेत बसायला लागले. सगळा हॉल त्यांचं ऐकत होता आणि ते दोघं मला सांगत होते. एक संसार इतके महिने माझ्या तोंडावर बोलला जात होता आणि मी खुळी त्याला रसग्रहण समजत होते!

त्यानंतर मला सिनेमा धड बघवेना. पडद्यावर कुणी कुणाला दुखावलं की माझं लक्ष पहिल्या रांगेतल्या पांढऱ्या टोपीकडे जायचं, मग शेवटच्या रांगेकडे. चहाच्या वेळी एकदा रत्नप्रभाबाईंना बाजूला घेतलं आणि धीर करून म्हटलं, “मला कळलं सगळं. तुम्ही त्यांच्याशी बोलत का नाही हो?”

“बोलते की,” त्या शांतपणे म्हणाल्या. “दर रविवारी.”

“तसं नव्हे. समोरासमोर.”

“समोरासमोर बोलले असते तर पहिल्या वाक्याला ते मध्ये बोलले असते. तुमच्या घंटेच्या धाकानं का होईना, पण माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकतात. आमच्या लग्नात असं कधी झालं नव्हतं, बाई.” त्यांनी बशीतला चहा संपवला. “त्यांनी एकदा सगळ्यांसमोर म्हणावं, चुकलं म्हणून. मी त्याच पावली घरी जाईन. पिशवी अजून भरलेलीच आहे.”

आणि सदलगेअण्णा? ते सगळे गेल्यावर खुर्च्या रचायला थांबायचे. “पुढच्या रविवारी कुठला आहे?” असं विचारायचे. मी गोष्ट थोडक्यात सांगायची. मग भिंतीकडे बघत हळूच विचारायचे, “त्यात माफी आहे का हो?”

“सगळ्यातच असते, अण्णा.”

“लोकांसमोर?”

“लोकांसमोर.”

“अवघड आहे,” असं म्हणून टोपी नीट करायचे आणि निघायचे.

भाद्रपदात एक सिनेमा लागला. त्यातला नायक आपल्या सगळ्या जुन्या प्रेयसींना एकच संदेश पाठवतो, मला क्षमा करा. सदलगेअण्णा उठले. आज गडी जरा खुशीत होता. “अध्यक्ष, हा पहिला शहाणा माणूस भेटला. आमच्या जैन समाजात पर्युषणाचं पर्व संपलं की क्षमावणी असते. बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, सगळे सगळ्यांना हात जोडतात, लहान-मोठं बघत नाहीत. मीही दरवर्षी जोडतो. त्यात सगळे आले. धन्यवाद.”

रत्नप्रभाबाई उठल्या. एका हातानं पुढची खुर्ची धरली होती. “चाल फार चांगली आहे, अध्यक्ष. मीही जोडते हात. पण ज्याचं खरंच दुखावलंय त्याच्यापुढं वेगळं उभं राहावं लागतं. सगळ्यांची मिळून मागितलेली क्षमा कुणाच्याच पदरात पडत नाही. या सिनेमात बघा, एवढ्या बायकांना संदेश गेला, एकीनं तरी उत्तर दिलं का?” त्यांना धाप लागली होती. “धन्यवाद,” म्हणायचं राहूनच गेलं.

सदलगेअण्णांची मान खाली गेली.

हंगामाचा शेवटचा सिनेमा राहिला होता. त्याच्या आदल्या रविवारी रत्नप्रभाबाई जिन्यात माझ्यासाठी थांबल्या. ओठ निळसर दिसत होते. “बाई, पुढच्या रविवारी मी नाही. मिरजेला दाखल होतेय. काळजाची झडप बदलायची आहे म्हणे.”

“अगं बाई! आणि हे तुम्ही जिन्यात सांगताय?”

“मग काय उभं राहून अध्यक्षांना सांगू?” त्या हसल्या. “त्यांना कळू देऊ नका. आजारी आहे म्हणून मागितलेली माफी मला नको. ती दया झाली. ते काय बोलतील ते नीट ऐकून घ्या आणि मला येऊन सांगा.”

मी कबूल केलं. दुसरं काय करणार होते?

त्या शेवटच्या सिनेमातही स्टेशन होतंच. म्हातारं जोडपं होतं, हा एक फरक. दिवे लागले. सदलगेअण्णा उठले. आज इस्त्रीचा सदरा, नवी टोपी. बोलायच्या आधी त्यांनी पुढं येऊन दोन्ही हात माझ्या टेबलावर ठेवले.

“अध्यक्ष, आज सिनेमाबद्दल बोलणार नाही. नाव घेणार आहे. घंटा वाजवायची तर वाजवा.”

मी घंटा उचलून मांडीवर ठेवली.

“माझ्या मुलीच्या लग्नात माझ्या बायकोच्या हातातला माईक मी काढून घेतला. हिला काय कळतंय म्हणालो. लोक हसले, आणि खरं सांगतो, लोक हसले म्हणून मला बरं वाटलं. घरी जाऊन एकटीला सांगितलं असतं, चुकलं माझं, तर तिनं ऐकलं असतं असं मला वाटत होतं. ते खोटं आहे. घरात मागितली असती तर लोकांत मी तसाच मोठा राहिलो असतो. म्हणून घरात मागायची होती.” “वर्षभर इथं तिचं ऐकतोय. तिला सिनेमा कळतो, माणूस कळतो. मला हळद कळते, बाकी काही नाही. रत्नप्रभा, माझं चुकलं. भर मांडवात चुकलं, भर सभेत मान्य करतो. घरी चल.”

आणि ते उभेच राहिले. माझ्याकडे तोंड करून. मागं वळले नाहीत. त्यांच्यानंतर मागून तिचा आवाज यायचा, नेहमी यायचा, त्याची वाट बघत उभे राहिले.

सगळ्या हॉलमध्ये मागचं दिसत होतं ते मला एकटीला. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. हळूहळू एकेक मान मागं वळली आणि तितक्याच हळू पुढं आली. मागच्या भिंतीशी अप्पा चौगुले दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होते, एवढा मोठा माणूस, खांदे गदगदा हलत होते. मला अण्णांचा तो म्हातारा चेहरा बघवेना. किती आशेनं बघत होता तो माझ्याकडे!

“अण्णा,” मी म्हटलं, “त्या आज आलेल्या नाहीत.”

तेव्हा ते पहिल्यांदा मागं वळले. बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत राहिले. “कुठं आहे?” त्यांनी विचारलं. मी दिलेला शब्द मोडला आणि सांगून टाकलं.

दुपारी अप्पांच्या गाडीतून आम्ही मिरजेला गेलो. दवाखान्यात मी आधी आत गेले. रत्नप्रभाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. अंगात दवाखान्याचा हिरवा झगा, केसांच्या दोन वेण्या घातलेल्या, लहान मुलीसारख्या. मला बघून म्हणाल्या, “सांगा. एकही शब्द गाळू नका.”

मी उभी राहिले आणि अगदी तसंच सांगितलं. शेवटचं ‘घरी चल’सुद्धा. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग विचारलं, “कोण कोण होतं?”

मी नावं घेत गेले. हळदपेठेतले, वाचनालयातले, बस्तीतले.

“चौगुल्यांचा अप्पा?”

“होते.”

“हसला?”

“नाही हो. रडले. सगळ्यांसमोर.”

मग त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, “मग झालं.”

“ते बाहेर बसलेत. बोलावू?”

त्या दचकल्या. “नको! आत्ता नको. हे ध्यान बघा माझं. बारा वर्षांनी नवऱ्यापुढं अशी पडू? तो उभा आणि मी आडवी? उद्या ते ऑपरेशन होऊन जाऊ दे. मी हॉलमध्ये येईन, माझ्या खुर्चीपाशी उभी राहीन आणि माझ्या तोंडानं बोलेन. आज झालं नाही तरी एखादा रविवार मिळेलच की. त्यांना एवढंच सांगा, माझं बोलणं राहिलंय, ते रविवारी. ‘मग झालं’ हे सांगू नका. ते मी सांगणार.” जरा थांबून म्हणाल्या, “आणि सिनेमाचा शेवट काय होता?”

“दोघं फलाटावर भेटतात. बोलत राहतात.”

“आणि गाडी?”

“सुटते.”

“चांगला आहे,” त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर सदलगेअण्णा टोपी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी कुणाकडून तरी मागवलेली शहाळी. मी निरोप सांगितला.

अप्पा उसळले. “अण्णा, आत घूस की! दार काय कुलूप लावलंय व्हय? कसला नियम आन् कसलं काय!”

अण्णा दाराकडे बघत होते. दार अर्धवट उघडं होतं, आत पडदा होता. एक पाऊल पुढं टाकलं असतं तरी पुरलं असतं. पण ते जागचे हलले नाहीत.

“नको, अप्पा,” ते म्हणाले. “एकदा तिच्या हातातला माईक काढून घेतलाय. परत नाही घेणार. तिची पाळी आहे. ती म्हणेल तेव्हा.”

शहाळी त्यांनी नर्सजवळ दिली आणि आम्ही परत आलो.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं, पण रत्नप्रभाबाई शुद्धीवर आल्या नाहीत. गुरुवारी सगळं संपलं.

रविवारी हॉल बंद ठेवायचा ठरला होता. तरी मी गेले, घरात बसवेना म्हणून. तर पायरीवर सदलगेअण्णा बसलेले. दाढी वाढलेली, डोक्याला टोपी नाही.

“अण्णा, तुम्ही? आज?”

“तिनं रविवार सांगितला होता ना,” ते म्हणाले.

मी दार उघडलं. हळूहळू माणसं येत गेली. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. अण्णा पहिल्या रांगेत गेले नाहीत. सरळ मागं गेले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मी माझ्या खुर्चीशी आले, पण बसले नाही. अध्यक्षानं स्वतः बोलायचं नाही, हाही माझाच नियम. त्या दिवशी उभी राहिले आणि शेवटच्या रांगेकडे बघत म्हटलं, “रत्नप्रभाबाईंचं बोलायचं राहिलं होतं. माझ्याजवळ ठेवलंय त्यांनी. त्यांनी विचारलं, कोण कोण होतं. मी तुम्हा सगळ्यांची नावं सांगितली. मग त्या म्हणाल्या, ‘मग झालं.’”

हॉलमध्ये बायका पदर डोळ्यांना लावून बसल्या. अण्णा तेच दोन शब्द ओठांत पुटपुटले, दोनदा, तीनदा.

मग ते उठले. सवयीनं माझ्याकडे तोंड करून.

“अध्यक्ष, इथून काय दिसतं माहीत आहे? पहिल्या रांगेतली माझी खुर्ची दिसते. म्हणजे वर्षभर ती माझी पाठ बघत होती. आणि मी?” त्यांचा आवाज फुटला. “बारा वर्षांत तिचा आवाज पोटभर ऐकला तो इथं. पण बोलताना ती कशी दिसायची, मला ठाऊक नाही. एकदाही बघितलं नाही हो मी. ते फक्त तुम्ही बघितलं. मी नाही.”

त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

“एक विनंती आहे,” ते म्हणाले. “तेवढा नियम बदला. बोलणाऱ्याकडे मागं वळून बघू द्या.”

मी टेबलावरची घंटा उचलली आणि कपाटात ठेवून दिली. आता आमच्याकडे ज्याला बोलायचं असेल तो पुढं येतो, हॉलकडे तोंड करतो आणि बोलतो. भांडणं होतात, मध्यंतरी एकदा चप्पलही उडाली. होऊ देत.